नववी क तुकडीने तावदाने फोडिली आणि बसविली, त्याची हकीकत

श्रीशारदाचरणी मस्तक ठेवून लिहिले जे : शके एकोणीसशे बारा, प्रमोदनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी डोंगराखालील एका शाळेच्या राज्यात मोठा दंगा माजला. मुख्याध्यापिका मैनावतीबाई सरंजामे गादीवर असता नववीच्या क तुकडीने खिडक्यांची तावदाने फोडिली, मग नळ उपटिले, मग बाकांवर कर्कटकाने घाव घातले. फुटले ते तैसेच राहिले, आणि फुटके पाहून आणखी फोडावयास हात शिवशिवू लागले. उपमुख्याध्यापक भार्गवराव टिपणीस संतप्त होऊन बोलिले, "खिडक्यांस जाळी ठोका, आणि म्होरक्या झुंबर शेलार यास शाळेतून काढा." जाळी ठोकिली, ती आठवड्यात कापिली गेली. तेव्हां बाई म्हणाल्या, "काढणं हाती आहेच. आधी पुसून तर पाहू." आणि जातीने क तुकडीत जाऊन शेवटल्या बाकावर झुंबराशेजारी बसल्या.

बाईंनी पुसिले, "काच फोडताना काय वाटतं रे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "बरं वाटतं, बाई. आवाज झाला की सगळे वळून बघतात."

"आणि एरवी?"

"एरवी कोण बघतंय? गॅदरिंगला आम्हाला घेत नाहीत, प्रयोगशाळेला आमच्या तासाला कुलूप. टिपणीस सर म्हणतात, क म्हणजे कचरा."

बाईंचे मुख उतरले. मग त्यांनी मसलत फिरविली आणि फर्माविले की कुलूप काढावे, गॅदरिंगचा रंगमंच क तुकडीने उभारावा, फुटेल ते त्याच दिवशी दुरुस्त व्हावे, आणि फोडणाऱ्याने सुताराच्या हाताखाली राबावे. भार्गवराव बोलिले, "बाई, ह्या तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" बाई म्हणाल्या, "बुडालं तर माझ्या माथी. मात्र तो शब्द तुम्ही परत घ्यायचा." भार्गवराव रात्रभर तळमळले, आणि दुसरे दिवशी वर्गापुढे उभे राहून म्हणाले, "मुलांनो, माझं चुकलं." कोणी हसले नाही. झुंबर मात्र खिडकीबाहेर पाहत राहिला, कारण डोळे भरून आले होते.

मग तावदाने बसविली. काचेने झुंबराचे बोट कापले, तरी त्याने काच घट्ट बसविणारी लांबी चौकटीस लिंपणे सोडिले नाही. फाल्गुनात आठवीच्या एकाने दगड उचलिला, तोच झुंबराने धावून त्याचे मनगट धरिले आणि गर्जना केली, "हात लावून बघ! ती मी बसवलीय!"

सारांश, ज्यास राज्यात वाटा मिळाला तो राज्य राखू लागला. घडले तैसे लिहिले, येथे लेखणी ठेविली.