कौसल्यामावशींची अळंबी

अळंबी आणायला निघताना कौसल्यामावशी घरात कुणालाही झोपू देत नसत. "उठा गं पोरींनो, घर रिकामं करा!" अशी आरोळी आली की आम्ही चौघी भाडेकरणी पांघरुणासकट अंगणात. माझी आई देगलूरहून पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा ती आरोळी ऐकून तिने घाईघाईने माझं सामान बांधायला घेतलं होतं.

लातूरला तेव्हा अळंबीपेक्षा क्लास जास्त उगवत होते. आम्ही मेडिकलच्या तयारीला आलेल्या, आणि पावसाळ्यात भल्या पहाटे मावशींच्या मागे माळावरच्या वारुळाकडे चिखल तुडवत निघालेल्या. तिथेही त्यांची शिस्त होती. अळंबीकडे बोट दाखवायचं नाही, सडतात म्हणे. मी एकदा विसरले तर मावशी केवढ्या कळवळल्या! "कोपरानं दाव गं, कोपरानं!"

घरी आल्यावर मावशी अळंबी हळदीच्या पाण्यात धुऊन हातानेच फाडत, विळी लावू देत नसत. कांदा, सुकं खोबरं, येसराचा मसाला, आणि सोबत ज्वारीची गरम भाकरी. "खावा गं. डाक्टरनी काय उपाशी पोटी व्हनार हाव?" त्या भाजीसाठी मी फिजिक्सचा पेपरही बुडवला असता.

एकदा मला सणकून ताप भरला होता. आरोळी आली, पण मी काही उठले नाही.

"मावशी, तुम्ही जा ना. मी झोपते."

मावशी दारातच थबकल्या. मग त्यांनी बाकीच्या तिघींना हाक मारली आणि चौघींनी मिळून माझ्यासकट बाज उचलून अंगणात आणली. समोरच्या काकांनी ते पाहून चपला काढल्या आणि हात जोडले. मी खोकले, तेव्हा बिचारे घरात पळाले.

सगळ्या हसल्या. मला मात्र रागाने रडू फुटलं. "एक दिवस झोपू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी ओरडले.

मावशी बाजेच्या कडेला बसल्या. त्या किल्लारीकडच्या, भूकंपानंतर शहरात आलेल्या, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यांना मंगल नावाची मुलगी होती, हे माहीत नव्हतं.

"ती बी येते म्हनत होती," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, झोप, अंधार हाय. म्या आनते तुला. वावरात पोचले न् जमीन हालली. पळत आले तर घरच न्हाई. नुसते धोंडे. टोपली हातात तशीच. खाली ठेवू वाटंना. पोरीला अळंबी लई आवडायची."

मी त्यांचा हात धरला. मला फार लाज वाटली. मावशींनी पदराने माझं कपाळ पुसलं. "पड. आभाळाखाली पड," म्हणाल्या आणि टोपली घेऊन गेल्या.

त्यानंतर त्यांना आरोळी मारावी लागली नाही. त्या टोपली घेऊन बाहेर येत, तेव्हा आम्ही चौघी अंगणात उभ्या असू. मावशी एकेकीच्या डोक्यावरून हात फिरवत. मग पुन्हा आत जात आणि रिकाम्या खोल्यांना विचारत, "कोन ऱ्हायलं का गं आत?"

थोडा वेळ तिथेच थांबत. मग येऊन फाटक उघडत.