वानखडे सरांच्या अकरा खुंट्या

वानखडे सरांच्या खोलीत भिंतीला अकरा खुंट्या होत्या आणि प्रत्येकीखाली खडूने नंबर. तीन नंबर छत्रीचा. भर मे महिन्यात कोणी तिथे टोपी टांगली तरी सर ओरडत, "काढा ते! छत्रीनं कुठी जावं?" छत्री तेव्हा दुरुस्तीला दिलेली असे.

सर अमरावतीला कॉलेजात गणित शिकवायचे. एका सुट्टीत मुंबईला कॉम्प्युटर शिकून आले आणि घरचे वळण बदलले. ते चौकटीच्या कागदावर प्रोग्राम लिहून टपालाने मुंबईला पाठवत. महिन्याने उत्तर येई. यंत्रात आकडे ठेवायला खण मोजके. कोणता आकडा कोणत्या खणात, हे आधीच नेमून द्यावे लागे. कायमच्या आकड्याला स्वतःचा खण. घटकाभरच्या आकड्यांना मिळून एकच, एकाचे काम झाले की दुसऱ्याने यायचे. अकरावी खुंटी तशी, पाहुण्यांची. दोन पाहुणे आले तर दुसरा टोपी मांडीवर घेऊन बसे.

मी धामणगावहून सरांच्याच कॉलेजात नोकरीला आलो. घरातला पहिला बी.एस्सी. खोली मागितली की लोक आडनाव विचारत, आणि मग खोली कालच दिलेली निघे. सर म्हणाले, "माह्याकडे ये लेका. अकरा नंबर घे." पाहुणा आला की माझा सदरा माझ्या मांडीवर.

मग मी माती खाल्ली. गावोगावच्या पावसाचा आणि कापसाच्या पिकाचा सरांचा प्रोग्राम उतरवताना पावसाच्या आकड्याला कापसाचाच खण दिला. महिन्याने उत्तर आले: मोर्शीपासून अकोल्यापर्यंत जेवढा पाऊस, तेवढाच कापूस! सरांची महिन्याची मेहनत पाण्यात. आता खोली सुटली, असे समजून मी ट्रंक भरायला घेतली.

"काहून भरून राहिला?"

"सर, चूक माझी..."

"मंग? ज्याले सोताची जागा नाही, तो दुसऱ्याच्या जागेवर जाऊन पडनच. पावसाचं तेच झालं."

त्यांनी सातवरचा आपला कोट काढला आणि सहावर, धोतराच्या उरावर कोंबला. एका खुंटीवर दोन वस्तू! सरांच्या घरात हा अनर्थ होता.

"सात तुही," ते म्हणाले.

पुढे मला अकोल्याला नोकरी लागली. तीन वर्षांनी न कळवता भेटायला गेलो. दारातूनच दिसले: दोन पाहुणे, एकाची टोपी मांडीवर. कोट अजून धोतराच्याच उरावर. सातवी खुंटी रिकामी, नंबर ताजा गिरवलेला.

पाहुणा कुरकुरत होता, "सर, ते सात नंबर तं खालीच हाय."

"खाली कुठी हाय?" माझ्याकडे पाठ असलेले सर खेकसले. "सदरा अकोल्याले गेला हाय."