वगळलेलं घर

आमच्या गल्लीत कोणाला जुलाब लागले, कोणाच्या सुनेला दिवस गेले आणि कोणाचा जावई रुसून परत गेला, हे रोज सकाळी साडेसहाला जाहीर होतं. जाहीर करणाऱ्या बाईंना चुगलखोर म्हणायची सोय नाही, कारण त्या हे आम्हाला सांगत नाहीत, देवाला सांगतात. आम्ही आपले ऐकतो.

या आमच्या सिस्टर. पूर्ण नाव मार्था सॅम्युएल साळवे. माहेर नगरकडचं, त्यामुळे मराठी अगदी स्वच्छ. आमचं बुऱ्हाणपूरचं मराठी कसं, वाक्य मराठीत सुरू होतं आणि संपेपर्यंत हिंदी होऊन जातं. तीस वर्षं नर्सची नोकरी करून रिटायर झाल्या, तरी गल्लीचं बीपी त्याच बघतात आणि इंजेक्शनही त्याच टोचतात. म्हणून माहिती पक्की असते.

सकाळी पांढरी साडी, डोक्यावर पदर आणि डोळे मिटून त्या गच्चीवर उभ्या राहतात. शेजारच्या पाटलांपासून सुरुवात करतात आणि एकेका घराचे उपकार मानत गल्लीच्या टोकाला वर्माजींपर्यंत जातात. आवाज असा, की मागच्या पावरलूमचा खटखटाट ऐकू येऊ नये.

"हे बापा, पाटलांची सून सासूशी बोलायला लागली, तुझे उपकार. चौहानजींचं पोट चौथ्या दिवशी साफ झालं, तुझे उपकार. वर्माजींच्या मुलाला तिसऱ्या खेपेला का होईना, लायसन मिळालं, तुझे उपकार."

एकदा चौहानजी हात जोडून म्हणाले, "सिस्टर, भगवान को बताने में कोई हर्ज नहीं. पर जरा धीरे."

"मागते तेव्हा मी हळूच मागते, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "मिळाल्यावर कशाला हळू बोलू? देणाऱ्याला वाटेल, हिला माझी लाज वाटते."

चौहानजींनी रोज त्या वेळी खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. पण सिस्टर ज्या दिवशी ठसक्यामुळे जरा थांबतात, त्या दिवशी आधी तीच खिडकी उघडते.

सिस्टरच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा एक रविवार असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं असेल ते तो वेदीपुढे नेऊन ठेवतो. केळीचे घड, भोपळे, कापूस, कधी कोंबडीसुद्धा. सिस्टरना शेत नाही. म्हणून त्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन गल्लीत फिरतात आणि प्रत्येक घरातलं त्या वर्षीचं काहीतरी नवं मागून नेतात. चौहानजींच्या झाडाचं पहिलं लिंबू, पाटलीणबाईंचं नवं लोणचं. वर्माजींकडे काही पिकलं नव्हतं, तेव्हा सिस्टरनी त्यांच्या मुलाच्या लायसनची झेरॉक्स नेऊन भोपळ्यावर ठेवली होती. चर्चचे पाळकसाहेब ती बराच वेळ उलटीसुलटी करून बघत होते म्हणे. स्वतःच्या घरचं त्या काय नेतात, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

आमच्या घराचं मात्र मला वाईट वाटायचं. चौहानजी आणि वर्माजी यांच्यामध्ये आमचं घर. मी शाळेत क्लार्क, बायको सुनंदा घरी पापड करते, मुलगी लग्न होऊन खंडव्याला. आमच्याकडे कधी काही घडतच नाही. एकदा मी सिस्टरना म्हटलं, "आमचंही कधी चांगलंसं काही म्हणा ना."

"काय मिळालं, सांगा."

"तसं काही विशेष नाही."

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून आवाज आला, "अशोकभाऊंच्या घरी काही विशेष घडलं नाही, तुझे उपकार." चौहानजी खिडकीमागे हसले ते मला ऐकू आलं. मी दोन दिवस सिस्टरशी बोललो नाही.

आणि मग या वर्षी दसऱ्यानंतर दाढी करताना मानेला बोट लागलं आणि मला गाठ सापडली.

मी मुळात जिवाला घोर लावून घेणारा माणूस. गॅस बंद केला का ते बघायला मी असीरगढच्या बसमधून उतरून परत आलेलो आहे. गाठ लागल्यावर माझं काय झालं असेल, ते सांगायला नको. सुनंदाला सांगायची हिंमत होईना. तिचे वडील, दादा, मानेच्याच गाठीने गेले होते. मी गळ्याभोवती रुमाल गुंडाळला, घसा बसलाय म्हटलं आणि सिस्टरकडे गेलो.

त्यांनी दोन बोटांनी चाचपलं. चेहरा काही बोलेना. "उद्या डॉक्टरकडे जाऊ," एवढंच म्हणाल्या.

"सिस्टर, हे सकाळी वर म्हणायचं नाही. सुनंदाला कळता कामा नये. शपथ घ्या."

"शपथ आम्ही घेत नाही. नाही म्हटलं म्हणजे नाही."

डॉक्टरांनी गाठीत सुई घालून पाणी काढलं. ते पाणी तपासायला इंदूरला जाणार आणि रिपोर्ट आठ दिवसांनी येणार. सुई आत जाताना सिस्टरनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरून ठेवलं होतं, लहान पोराचं धरतात तसं. परत येताना रिक्षात मी जरा रागानेच विचारलं, "तुम्ही सगळ्याचे उपकार मानता. याचे काय मानणार?"

"अजून कळलं नाही," सिस्टर म्हणाल्या आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला जीव मुठीत धरून उभा. पाटील झाले. चौहानजी झाले. आता आपण, म्हणून मी डोळे मिटले, तर एकदम वर्माजी. सुटलो, म्हटलं. बाईने शब्द पाळला. दोघांच्या मधलं घर एकदम गायब झालं तर ते सगळ्या गल्लीला दिसेल, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

पहिल्या दिवशी सुनंदा म्हणाली, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी तिने शिट्टी होऊ नये म्हणून कुकर उतरवून ठेवला आणि कान देऊन ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिने चहाचं भांडं खाली ठेवलं. "अहो, आपलंच घर का सोडतात?"

"वय झालं आता."

"सिस्टरचं? त्यांना चौहानजींच्या पोटाचे वार पाठ असतात. माझंच काही चुकलं असेल. लोणच्याची बरणी परत केली नाही, त्याचा राग आला असेल."

तिने बरणी घासून, वर चकल्या घालून परत केली. चौथ्या दिवशीही आमचं घर नाही. चौहानजींनी खिडकीतून विचारलं, "भाभीजी, सब ठीक है ना?" पाटलीणबाई वाटीभर गोड दराबा घेऊन आल्या आणि अर्धा तास आमच्या तोंडाकडे बघत बसल्या. गल्लीत आमच्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागले. गळ्यात रुमाल, ऊन मी म्हणतंय, आणि सुनंदा सारखी माझ्याकडे बघतेय.

पाचव्या दिवशी ती उठून सरळ सिस्टरकडे गेली. "आमच्या घरात काय झालंय?"

"नवऱ्याला विचार," सिस्टर म्हणाल्या. खोटं काही त्यांना सांगता येत नाही. तेवढं पुरे झालं.

सुनंदा परत आली. तिने माझा रुमाल सोडला आणि बोट बरोबर गाठीवर ठेवलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "दादांच्या वेळीही मला सगळ्यात शेवटी सांगितलं होतं. एकटे एकटे घाबरत होता? आता दोघं मिळून घाबरू." मग मात्र मीच रडलो.

रडून झाल्यावर मला सिस्टरचा राग आला. मी जाऊन म्हटलं, "नुसतं 'काही विशेष घडलं नाही' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"देवाशी खोटं बोलू?"

त्या गादीची चादर ओढून नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि भाऊ, नुसता शब्द दिला म्हणून नाही गप्प राहिले. तुमच्या घरापाशी आलं की माझी जीभच वळेना. भीती वाटली. भीती वाटली की मला आभार मानता येत नाहीत. सॅम्युएल गेले त्या सकाळीही मी वर गेले होते. आधी आपल्या घरापासून सुरुवात करायचे मी. त्या दिवशी आपल्या घरापाशी गप्प झाले, म्हणून पाटलांपासून सुरू केलं. तिथूनच चाललंय अजून."

सिस्टरचे यजमान सॅम्युएलभाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे अकरा वर्षं रोज सकाळी एक घर वगळलं जात होतं आणि आमच्यापैकी एकाच्याही कानाला ते खटकलं नाही. आमचं घर चार दिवस सुटलं, तर माझ्या बायकोचा जीव अर्धा झाला होता. मला स्वतःची फार लाज वाटली. मी म्हटलं, "चकल्या खाल्ल्या का?"

"दोन खाल्ल्या," सिस्टर म्हणाल्या. "बाकीच्या वर्माजींच्या पोराने संपवल्या."

पुढचे तीन दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. सुनंदाने इच्छापूरच्या देवीला नवस बोलून ठेवला. मी गॅस दिवसातून दहा वेळा तपासला. सिस्टर रोज प्रार्थनेत आमच्या घरापाशी येत होत्या, क्षणभर थांबत होत्या आणि वर्माजींकडे जात होत्या. तो क्षण सगळ्या गल्लीला ऐकू यायचा. चौहानजींनी खिडकी लावणंच सोडून दिलं होतं.

रिपोर्ट आला. साधी गाठ होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जाईल, नाही गेली तर छोटंसं ऑपरेशन. सिस्टरनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, मला परत दिला आणि "जा, सुनंदा वाट बघत असेल," म्हणून दार लावून घेतलं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा कणीक मळत होती, मी चहा घेत होतो. पाटील झाले, चौहानजी झाले. मग गच्चीवरून एवढ्या मोठ्याने आवाज आला की मागचे लूमवाले बाहेर आले.

"अशोकभाऊंच्या घरी काही विशेष घडलं नाही, बापा, तुझे उपकार. काही म्हणता काही घडलं नाही, तुझे उपकार."

तेच वाक्य. याच वाक्यावर मी एकदा रुसलो होतो. आता तेच मी हळूच पुन्हा म्हणून बघितलं. पुढे वर्माजी झाले आणि सिस्टर जिन्याकडे वळल्या.

तेवढ्यात सुनंदा तशीच पिठाच्या हातांनी अंगणात गेली. तिला मी सॅम्युएलभाऊंचं सगळं सांगितलं होतं. मान वर करून तिने, चारचौघांत कधी मोठ्याने न बोलणाऱ्या माझ्या बायकोने, खणखणीत आवाजात म्हटलं, "देवा, साळव्यांच्या घरात आमच्या सिस्टर आहेत, तुझे उपकार."

चौहानजी खिडकीतून "आमेन" म्हणाले. त्यांना एवढंच येत होतं.

सिस्टर जिन्यापाशी थांबल्या. परत फिरून आपल्या नेहमीच्या जागी येऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले. "हे बापा, साळव्यांच्या घरी," एवढं म्हणाल्या आणि पुढे काही येईना. आम्ही कोणी हललो नाही. सुनंदा वर बघत उभी होती, तिच्या हातांवरचं पीठ वाळत होतं. मी कप ओट्यावर ठेवला आणि जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो.