जावकबाईंची नामंजूर भूक

कार्यालयातील महिलांची भूक व्यायामाने आटोक्यात आणण्याचा ठराव एकमताने संमत झाला, तेव्हा बैठकीत एकही महिला नव्हती. चहा-बिस्किटं मात्र दोनदा आली.

साहेबांनी कुठेसं वाचलं होतं, की दमछाक होईस्तोवर उड्या मारल्या की बायकांमधलं भुकेचं संप्रेरक काही काळ उतरतं. ‘काही काळ’ हे शब्द परिपत्रकात बसेनात, म्हणून गाळले. जेवणाच्या सुट्टीत पुरुष उपाहारगृहात आणि महिला सभागृहात उड्या मारायला, अशी वाटणी झाली.

पहिल्याच दिवशी साहेबांनी घामाघूम जावकबाईंना गाठलं. या बाई जावक विभागात टपाल रवाना करीत.

“काय बाई, भूक?”

उड्यांनी जीव घशाशी आलेला, त्यात समोर साहेब. “छे हो, मुळीच नाही,” बाई संकोचून म्हणाल्या.

उपक्रम यशस्वी ठरला. आता डब्यांचं कारणच उरलं नाही, म्हणून महिलांचे डबे फाटकावर काढून घेऊ लागले.

दुपार कलली की बाईंच्या पोटात कावळे ओरडत. पाकिटं चिकटवताना त्या डिंकाकडेही मायेनं पाहू लागल्या. शेवटी साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, डबा द्या. भूक लागलीय.”

“ती भूक नव्हे, बाई. जुनी सवय. संप्रेरक उतरलंय ना तुमचं?”

“त्याचं मला ठाऊक नाही. पोटाचं सांगते.”

“पोटाचा अभिप्राय मागवलेला नाही.” साहेबांनी तृप्त ढेकर दिली. “तुमच्या उड्या बघून आम्हालाच दुप्पट लागते हो!”

मग वरिष्ठ पाहणीला आले. आदर्श लाभार्थी म्हणून बाईंना ध्वनिक्षेपकापुढे उभं केलं. मागून टंकलेखिका कुजबुजली, “बाई, आज तरी भिडेला बळी पडू नका. सगळ्यांचे डबे तुमच्या जिभेवर आहेत!”

बाईंनी देवाचं नाव घेतलं. “मला भूक लागते. आत्ताही लागली आहे.”

पोटानेही ध्वनिक्षेपकातून दुजोरा दिला. सभागृह हसलं, साहेब घामाघूम झाले, आणि डबे परत मिळाले.

त्या रात्री बाई ताठ मानेने घरी वाढायला उभ्या राहिल्या. पातेल्याचा तळ दिसू लागला. नवरा म्हणाला, “तूही बस की आमच्याबरोबर.”

“होऊ दे तुमचं. मला कुठे एवढी भूक आहे!”

सगळ्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला आणि उरलेलं वाढून घेतलं. साहेबांना निदान एक संशोधन तरी वाचावं लागलं होतं.

तुमच्याकडे शेवटी कोण जेवतं हो?