तीन भोकं आणि एक फूटपट्टी

मंगळवारी सकाळी काकांनी रजा टाकली आणि ठरवलं, मागच्या खोलीतला पंखा आपण स्वतः बसवायचा. वायरमन पुढच्या सोमवारी येणार होता. लेक तर तीन आठवड्यांचं बाळ घेऊन येत्या रविवारीच यायची होती. बाळाला वारा नको का? (बाळाला विचारलं असतं तर ते म्हणालं असतं, वायरमनची वाट बघा.)

काका कचेरीत आवक-जावक बघतात. हातात पेनाखेरीज काही धरलं, की घरातली माणसं लांब जाऊन उभी राहतात. त्यांनी शेजाऱ्याचं ड्रिल आणलं, स्टुलावर चढले आणि छताच्या जुन्या करड्या पत्र्यांचा मध्य काढायला घेतला. खोली बारा फुटांची, घराच्या कागदावरच तसं लिहिलेलं. म्हणजे मध्य सहा फुटांवर. मोजायला कचेरीतली लाडकी फूटपट्टी. तिचा एक इंच मोडलाय, पण काका ती अजून फूटपट्टीच मानतात.

डाव्या भिंतीपासून सहा पट्ट्या मोजून पहिलं भोक पाडलं. खालून बघितलं, तर ते डावीकडे. मग समोरच्या भिंतीपासून मोजून दुसरं पाडलं, ते उजवीकडे. काकांनी भिंतीकडे संशयानं बघितलं. तिसरं अंदाजानं पाडलं आणि तेच बरोबर मध्यावर आलं. डोक्यावर, मिशीवर, चादरीवर करडी पूड. बायको यायच्या आत साफ करावं म्हणून ते झाडू घ्यायला खाली वाकले, तेवढ्यात काकू दारात.

"झाडूला हात लावलात तर बघा!"

तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य काकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

काकू चौथी शिकलेल्या. शाळेत अकरा वर्षं शिपाईण होत्या. त्या शाळेचं जुनं छप्पर उतरवलं तेव्हा पांढऱ्या पोशाखातली माणसं आठ दिवस कशी काम करत होती, ते त्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहून डोळ्यांत साठवलं होतं. मास्तरांनी नुसती सुट्टी घेतली. या बाईनं काम शिकून घेतलं.

"अहो, हे अॅस्बेस्टॉस असणार. न छेडता राहिलं तर गप पडून असतं. भोसकलं की त्याचे बारीक तंतू उडतात, छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी हिशेब मागतात."

"नुसतं बघून कसं कळलं तुला?"

"बघून कुणालाच कळत नाही. तपासून कळतं. तोवर आहेच असं धरायचं. आता हलू नका. श्वास कमी घ्या."

"किती कमी?"

"बोलायचं बंद करा, आपोआप होईल."

त्यांनी बाहेरूनच पाण्याचा फवारा मारून उंबऱ्याजवळची पूड भिजवली, ओलं फडकं टाकलं आणि काकांना त्यावरून हळूहळू बाहेर आणलं. दारातच सदरा-पँट पाण्यानं भिजवून उतरवायला लावली आणि दोन पिशव्यांत एकात एक बांधली.

"अगं, माझा चौकड्यांचा सदरा!"

"सात वर्षं तो टाकायला बघतेय. आज शास्त्रानं साथ दिली."

काका पंचा गुंडाळून मोरीकडे पळाले. खोलीचं दार बंद झालं, खालच्या फटीत ओलं फडकं गेलं, आणि काकूंनी शाळेच्या वेळचा तपासणीवाल्या बाईंचा नंबर शोधून काढला.

बाई दुपारी आल्या. अंगानं काटकुळ्या, पण काम असं की काकू पापणी न हलवता बंद खिडकीच्या काचेतून बघत राहिल्या. बाईंनी पांढरा पोशाख चढवला, नाकाला घट्ट मुखवटा लावला, भोकाची कड आधी भिजवली, नखाएवढा तुकडा काढला, दोन पिशव्यांत बंद करून वर चिठ्ठी लावली. कुठे घाई नाही, कुठे धूळ नाही.

"दार कुणी बंद केलं?" बाहेर येऊन त्यांनी विचारलं.

"मी."

"झाडलं नाही ना?"

"मी असताना?"

"ताई, शिकलेल्या घरांत मी गेले की सगळं लख्ख झाडून ठेवलेलं असतं. तुमच्यासारखी बाई मला वर्षात एक भेटते."

काकूंनी पदर उगाच सारखा केला. काकांचा ऊर भरून आला. अशा बाईला आपण तीस वर्षं चहात साखर कमी पडली म्हणून टोकतोय, याची त्यांना मनातल्या मनात लाज वाटली. (तोंडानं म्हणाले नाहीत. श्वास कमी घ्यायचा होता.)

गुरुवारी निकाल आला: अॅस्बेस्टॉसच. काकांनी विचारलं, "मग लेकीला येऊ नको म्हणू?" विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की काकूंना ओरडायचंही सुचलं नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या. "त्या बाई बघतील."

बाईंनी बघितलं. शनिवारी माणसं आली, वेगळ्या यंत्रानं धूळ ओढली, सगळं ओलं पुसलं, भोकं लिंपली, खोलीतली हवा तपासली. हवा स्वच्छ निघाली. रविवारी बाळ त्या खोलीत टेबलफॅनच्या वाऱ्यात ढाराढूर झोपलं.

बाईंनी दारावर चिकटवलेला अहवाल लेकीनं वाचला आणि ती तोंडावर हात ठेवून हसू लागली. काकांनी तो वाचला नव्हता. चष्मा लावून ते जवळ गेले. खाली बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

"छप्पर चांगल्या स्थितीत आहे. छपरापासून सध्या धोका नाही. छपराला घरातील गृहस्थांपासून जपावे."