सुगलाअक्काची निळी चटणी

आमच्या निंबर्ग्यात कुणाचं बारसं असो, डोहाळजेवण असो, नाहीतर बसवजयंतीचा फराळ असो, सुगलाअक्का आल्याचं नाकाला आधी कळायचं, डोळ्यांना मागून. हातात स्टीलचा डबा, डब्यावर ओलं फडकं, फडक्याला रबर, आणि तरीही वास तिच्या चार पावलं पुढं चालत यायचा. पावसाळ्यात मोजे ओलेच गुंडाळून ठेवले की येतो ना, तसला.

"आली निळी चटणी," कुणीतरी हळूच म्हणायचं, आणि बायका पदर सावरायच्या निमित्तानं तो नाकावर घ्यायच्या.

चटणी हे आम्ही दिलेलं नाव. ती स्वतः डिप म्हणायची, अगदी शेंगाचटणी म्हणावं इतक्या सहज. दही फडक्यात टांगून काढलेला चक्का, त्यात म्हशीच्या दुधाची साय, लसणाची एकच पाकळी वाटून, मिरपूड, लिंबाचे थेंब, मीठ. इथवर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण मग ती त्यात निळ्या बुरशीचं चीज हातानं चुरायची. आम्ही लिंगायत बायका, लोणच्याला बुरशी आली तर बरणीसकट बाहेर ठेवणाऱ्या, आणि ही बुरशी जपून वाढायची. अर्धं चीज लाकडी चमच्यानं घोटायची, अर्धं तसंच ठेवायची आणि मला सांगायची, "सगळं घोटायचं न्हाई गंगू, दाताला खडा लागाय पाहिजे."

मग कडक भाकरीचा तुकडा मोडून, त्यावर बोटभर डिप लावून प्रत्येकीच्या हातात. कुणी मान वळवली की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "खाऊन बघ, मग तोंड वाकडं कर. वास नाकाला असतोय, जिभेला न्हाई."

शिवम्माच्या सुनेच्या डोहाळजेवणात त्या पोरीला नुसत्या वासानंच उलटी झाली. शिवम्मा म्हणाली, "अक्का, हिला बघा की, पाणी पण पचंना झालंय." सुगलाअक्का शांतपणे म्हणाली, "मग माझ्या डबड्याला कामून नावं ठेवायलीस? पाण्याला ठेव." दवाखान्यातल्या नर्सबाई प्रत्येक वेळी वाटीत वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "उद्या कुणाला काय झालं तर मी रजेवर हाय, सांगून ठेवते."

तरी कुणी नको म्हणायचं नाही. जाताना प्रत्येकीच्या हाती एक-एक वाटी यायची आणि प्रत्येकजणी "लई झकास झालंय अक्का, घरी गेल्यावर निवांत खाते" म्हणून ती घेऊन जायची. पुढं त्या वाट्यांचं काय व्हायचं ते गल्लीतल्या कुत्र्यांना ठाऊक. कुत्रीसुद्धा हुंगून लांब बसायची.

खाणारा माणूस गावात एकच होता, आमचे हे. त्यात कौतुकाचं काही नाही. मोठ्या तापातून उठल्यापासून ह्यांचं नाक गेलंय. रॉकेल आणि गुलाबपाणी ह्यांना सारखंच. त्यामुळं ते कडक भाकरी मोडायचे, वाटीत बुडवायचे, पेपर वाचत खायचे. कसं झालंय म्हणून विचारलं तर "हं" म्हणायचे. मला चाळीस वर्षं ह्या एका "हं"वर स्वयंपाक करायची सवय झालीय.

आम्ही नाकं का मुरडत होतो आणि तरी नको का म्हणत नव्हतो, ते सांगते.

मल्लू हा सुगलाअक्काचा एकुलता एक पोरगा. आडत दुकानदाराचा पोरगा, गादीवर बसायचं सोडून हॉटेलचा स्वयंपाक शिकला. बाप होता तोवर बापानं त्याच्याशी धड बोलणं ठेवलं नाही. मग तो मोठ्या प्रवासी बोटीवर आचारी म्हणून लागला. एका वर्षी तो नेमका येळवशीला घरी आला. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं, कडब्याची खोप करतात, भज्जी, आंबील, उंडे, सज्जाची म्हणजे बाजरीची भाकरी, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात. मल्लूनं बॅगेतून चांदीच्या कागदातला चीजचा तुकडा काढला, खोपीपाशी मांडी घातली आणि सगळ्यांसाठी ते डिप केलं. तुकडा घेताना खोक्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका हाय का ते बघून घेतलं म्हणाला, म्हणजे अव्वाला, त्याच्या आईला, चालावं.

आम्ही हसलो. कुणी लांबून वास घेतला, कुणी जिभेचं टोक लावून थू केलं, कुणी "मल्लू, बोटीवर फिरीज न्हाई का रे?" म्हणालं. तोही हसत होता. पण फिरून फिरून एकच विचारायचा, "ते असू द्या हो, मीठ बरोबर हाय का तेवढं सांगा." मीठ सांगण्याइतकं कुणी खाल्लंच नव्हतं. सुगलाअक्कानंसुद्धा.

जाताना उरलेला तुकडा तो आईकडं ठेवून गेला. दही लावतो तसं ह्याचंही विरजण लागतं, दूध फाडून पनीर कर, त्यात ह्याचा चुरा चोळ, आणि दाभणानं भोकं पाड म्हणाला. "त्येला श्वास लागतोय अव्वा. हवा आत गेली तरच निळं होतंय." तिनं हो हो म्हणून तुकडा फ्रीजच्या कोपऱ्यात ढकलला.

पावसाळ्यात बोटीवर ताप आला आणि त्या तापातच तो गेला. बोट कुठल्या समुद्रात होती ते आम्हाला नीट कळलंही नाही. कंपनीनं डब्यातून राख पाठवली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. राखेला कसं बसवायचं, ते आमच्या जंगमस्वामींनाही सांगता येईना. शेवटी डबाच मातीत ठेवला. सुगलाअक्का रडली नाही. घरी आली, हातपाय धुतले, फ्रीज उघडला.

त्या दिवसापासून ते विरजण तिनं मोडू दिलं नाही. जुन्यातला चिमूटभर चुरा नव्या पनीरला, त्यातला पुढच्याला. फ्रीजच्या तळाशी मातीचं मडकं, मडक्यात फडकं, फडक्यात ते. दाभण खास त्याच्यासाठी वेगळं ठेवलेलं. मी गेले की फडकं वर करून दाखवायची, "बघ, श्वास घ्यायलाय." माझी भाची कलबुर्गीच्या मोठ्या दुकानातून पाकीट आणून देते म्हणाली, तर अक्का म्हणाली, "दुकानचं मला कामून? हे त्येच्या हातचं हाय. मी नुसतं पुढं चालवायले."

आता सांगा, कोण नको म्हणणार?

गेल्या उन्हाळ्यात गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसरा येईपर्यंत इतके दिवस गेले की लोकांनी फ्रीजमध्ये कपडे ठेवले. सुगलाअक्का मडक्याभोवती ओलं पोतं गुंडाळून बसली होती. पोत्यावर पाणी मारायची, पंख्यानं वारा घालायची, पोर तापलं की घालतात तसा. एके सकाळी फडकं उघडलं तर निळ्याच्या जागी गुलाबी तार सुटलेली. नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी या वेळी थट्टा केली नाही. म्हणाल्या, "अक्का, हे गेलं. ह्यातलं इरजणाला पण धरू नका."

अक्का म्हणाली, "डिपमधी पण त्येच चीज हाय की. परवाच्या बारशाला सगळ्यांना वाट्या दिलत्या. कुणाच्या तरी घरी बोटभर उरलं आसंल."

आणि वाटी घेऊन निघाली. आपण नाही का, दही मोडलं की शेजारी विरजण मागायला जातो, तशी. शिवम्माच्या दारात म्हणाली, "जरा इरजण दे गं." शिवम्मा म्हणाली, "अय्यो अक्का, त्याच दिवशी संपलं बघा. पोरांनी वाटी चाटून ठेवली." पुढच्या घरी, "पाव्हणे आलते, त्यांनीच खाल्लं." नर्सबाईंनी तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "मी एकटीनंच संपवलं, खोटं कशाला बोलू." एका घरात काही उरलं नव्हतं. साऱ्या निंबर्ग्यानं मल्लूचं डिप पुसून खाल्लं होतं.

सगळ्यात शेवटी ती आमच्याकडं आली. आमचे हे ओसरीवर बसलेले, मांडीवर पेपर, पुढ्यात वाटी. बारशाची वाटी मी घरी न आणता नर्सबाईंच्या दवाखान्याच्या बर्फपेटीत ठेवली होती, तिथं जनरेटर होता; अक्का मात्र मडकं नजरेआड करायला तयार नव्हती. ह्यांना लागली की थोडी थोडी आणायची. आता तळाला दोन बोटं उरलं होतं, आणि ह्यांनी भाकरीचा तुकडा त्यात घातलेला.

"थांबा हो," मी ओरडले. ह्यांचा हात तसाच राहिला.

मी अक्काच्या कानाशी म्हणाले, "एवढं पुरतंय ना इरजणाला?"

"पुरतंय," ती म्हणाली. वाटीकडं बघितलं, ह्यांच्या हाताकडं बघितलं. मग आपली रिकामी वाटी पदराखाली घेतली आणि पायरीवर बसली. "खावा अण्णा. खावा तुम्ही."

"अक्का, अगं..."

"गप गंगू. खायलेत ते."

ह्यांना काही कळलं नव्हतं. ते सावकाश खात होते, ती घास घास बघत होती. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं त्यांनी वाटी पुसली, तो तुकडा तोंडात टाकला, पेपर उचलला. आणि जन्मात न केलेली गोष्ट केली. आपण होऊन बोलले.

"चांगलं असतंय की हे, अक्का. मीठ जरा जास्त पडतंय."

सुगलाअक्कानं मान हलवली. "व्हय का? बरं झालं सांगितलंसा. पुढल्या खेपेला कमी घालते," ती म्हणाली, आणि ह्यांच्या पुढ्यातली वाटी उचलून धुवायला नळाकडं नेली. नळाला पाणी नव्हतं. ती वाटी हातात धरून तिथंच उभी राहिली.