सोळावी खापरपणजी

एका जंगलात, बाळांनो, आणि तेही आपल्याकडच्या नव्हे, थेट जर्मन मुलखातल्या जंगलात, हार्टविग नावाचा एक रानडुक्कर सरदार राहत असे. त्याच्या मालकीची ओकची राई होती. तिची फळं खाऊन घरची अकरा तोंडं हिवाळा काढत. एवढ्यावर कुणीही सुखानं लोळलं असतं. हार्टविगला मात्र झुंजीत उतरायचं होतं.

त्या मुलखात दरसाल सुळ्यांची झुंज होई. ताकद कुणी विचारत नसे. खापरपणजोबा आणि खापरपणज्या मिळून सोळा पूर्वज दाखवायचे, आणि सोळाही खानदानी हवेत. एक जरी उणा निघाला, तर उमेदवाराला दिवसभर कुंपणावर बसवून ठेवत. सगळं जंगल बघायला येई. डुक्कर कुंपणावर कसं बसतं, ते तुम्ही घरी करून बघू नका.

वंशावळी लिहिणारा म्हातारा कावळा लांबर्ट महिनाभर हिंडला आणि पंधरा नावं घेऊन आला. सोळाव्या नावापाशी तो घुटमळला. ती खापरपणजी पाणचक्कीवाल्याच्या आवारातून पळून आलेली पाळीव डुकरीण निघाली. एका दुष्काळात तिनंच म्हणे शेतातले कंद दाखवून सगळं घराणं जगवलं होतं. हार्टविगनं तिला तिथल्या तिथे खोडायला लावलं.

"मग लिहू कोण?" लांबर्टनं विचारलं.

"अस्वलीण लिही. राजघराण्यातली."

लांबर्टनं लिहिलं. चोचीला शाई लागली की त्याला खरंखोटं सारखंच. झुंजीच्या मैदानावर पंचांनी सोळा नावं मोजली, अस्वलिणीपाशी आदरानं माना तुकवल्या आणि हार्टविगला आत सोडलं. पहिल्याच धडकेत तो आडवा झाला. पण खानदानी मैदानावर आडवा झाला, म्हणून त्याचे डोळे आनंदानं भरून आले.

आठवड्याभरात दारात एक अस्वल येऊन उभं राहिलं. त्याच्या पंजात वंशावळीची नक्कल होती. ही अस्वलीण आमच्या घरची लेक, असं त्यानं शांतपणे सांगितलं. म्हणजे आपण एकाच घराण्यातले, त्यात सगळ्यात वडीलधारा मी, आणि कायद्यानं राई वडीलधाऱ्याची.

हार्टविगच्या बायकोनं, हिल्डेगुंडनं, त्याला बाजूला ओढलं. थंडी तोंडावर आली होती.

"अहो, खरं काय ते सांगून टाका. पोरं काय खातील?"

हार्टविगनं पोरांकडे पाहिलं. मग त्याला कुंपण दिसू लागलं, आणि खाली जमलेलं सगळं जंगल. तो दारातून बाजूला झाला.

"या काका," तो म्हणाला, "घर आपलंच आहे."

तो हिवाळा त्या अकरा जणांनी बर्फाखालची मुळं उकरत काढला. वाटेत कुणी भेटलं, तर हार्टविग आधी वंशावळ दाखवी आणि मग खायला मागे.

तात्पर्य: वंशावळीत हवा तो पूर्वज खुशाल घालावा. फक्त त्याच्या घरचं कुणी हयात नाही ना, एवढी चौकशी आधी करावी.